ही उद्याची गोष्ट नव्हे

‘लैला’ मालिकेचा पहिला भाग आम्ही मागच्या महिन्यात पाहिला. शनिवारची बैठक आटोपल्यावर एकीच्या लॅपटॉपभोवती आठजणी दाटीवाटीनं बसलो होतो. मालिका तशी जुनी, जून २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली, एकूण सहा भागांची. भाग संपल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "बाई गं, उद्या खरंच असं झालं तर?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझं भांडण या ‘उद्या’शी आहे.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रयाग अकबर यांची २०१७ ची कादंबरी, तिच्यावर बेतलेली ही विज्ञानकथा. काळ २०४० च्या दशकाच्या अखेरचा, देशाचं नाव आर्यावर्त. शहराचे जातीजमातीनुसार तुकडे पाडलेले, मधे भिंती. पाणी दुर्मिळ. शालिनी (हुमा कुरेशी) हिंदू, तिचा नवरा रिझ (राहुल खन्ना) मुसलमान, लैला त्यांची लहानगी. गुंड घरात शिरतात, नवरा मारला जातो, मुलीची ताटातूट होते आणि शालिनीला शुद्धीकरण केंद्रात टाकलं जातं. धर्माबाहेर, जातीबाहेर लग्न केलेल्या बायका तिथं ‘शुद्ध’ व्हायला ठेवलेल्या. त्यांच्यावर सत्ता गुरू माँची, आणि ही भूमिका आरिफ झकारिया या नटाची. बायकांवर राज्य करणाऱ्या पुरुषाला ‘माँ’ म्हणायला लावणं मला फार नेमकं वाटलं. आई म्हटलं की वाद घालायची सोयच राहत नाही.

आमच्यातल्या दोघी वस्तीतल्या आहेत, रात्री दोनला उठून पाणी भरणाऱ्या. गुंड यायच्या आधीच त्यांना एक गोष्ट खुपली होती. शालिनीच्या घरातला पोहण्याचा तलाव. "एवढं पाणी! आणि खाली लोक तडफडतायत," असं एक पुटपुटली. पाणी आणि विटाळ एकाच घरात आणून दाखवणं ही या भागातली सर्वांत खरी गोष्ट. आपल्याला ते नवं नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी दलितांनी प्यायल्यावर तळ्यात पंचगव्याचे घडे ओतून ते ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं. तळं असो की बाई, तीच भाषा आणि तेच हक्क सांगणारे.

मालिका आली तेव्हा ती हिंदूद्वेषी आहे म्हणून ओरड झाली होती. तिच्या दिग्दर्शकांपैकी एक दीपा मेहता. त्यांच्या ‘फायर’साठी डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईत थिएटरं फोडली गेली, तेव्हा स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या ओरडणाऱ्यांवर मी इथं शाई खर्चणार नाही. मला बोलायचं आहे ते आपल्या बाजूच्या लोकांशी. मालिका पाहून ज्यांना शहारा आला, आणि आपण अजून त्या केंद्राच्या बाहेर आहोत असं वाटून जे निर्धास्त झोपले, त्यांच्याशी.

एमएसडब्ल्यू करताना मला फील्डवर्कसाठी स्त्रियांच्या एका संस्थेत पाठवलं होतं. संस्थेचं नाव सांगत नाही. तिथं एक मुलगी आणली. वय वर्षं वीस. दुसऱ्या धर्मातल्या मुलाबरोबर गेलेली. घरच्यांनी पळवून नेल्याची तक्रार केली, पोलिसांनी दोघांना शोधलं आणि मुलीला ‘सुरक्षिततेसाठी’ आमच्याकडे सोडलं. सज्ञान मुलीला कुठं जायचं हे विचारायचं सोडून तिला ठेवून घेतलं. मोबाइल जमा. भेटायला फक्त आई आणि मामा. पहाटे उठून प्रार्थना, मग झाडलोट, मग शिवण, संध्याकाळी भजन. अधीक्षिकाबाई वाईट नव्हत्या. मुलीला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसल्या. सकाळी तिला म्हणाल्या, "बघ, आई असती तर हेच केलं असतं. जा ना गं घरी."

आणि तिच्या समुपदेशनाला कोण बसत होतं? मी. माझ्याकडे छापील फॉर्म होता. त्यात ‘वर्तणुकीतील सुधारणा’ असा रकाना होता आणि दर आठवड्याला मी तो भरत होते. ती म्हणायची, "ताई, मला त्याच्याकडे जायचंय." मी म्हणायचे, "घाई करू नकोस, आईवडिलांचा विचार कर." वर्गात मी अशीलाच्या स्वयंनिर्णयावर पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. सहाव्या आठवड्यात ती काही बोलेनाशी झाली. रकान्यात मी ‘समाधानकारक’ लिहिलं. घरचे येऊन तिला घेऊन गेले.

म्हणून गुरू माँ पडद्यावर दिसले तेव्हा आठजणींत मी एकटी असेन जिला त्यांची भीती वाटली नाही. ओळखीचं वाटलं.

माझी पहिल्या भागाविषयी तक्रार आहे ती इथं. भाग पाहून लक्षात राहतात ते गुंड, भिंती, गणवेश. आपल्याकडे दार तोडावं लागत नाही, ते आतूनच उघडलं जातं. केंद्रात काठीपेक्षा प्रेम जास्त वापरलं जातं. हादियाची गोष्ट आठवा. चोवीस वर्षांची, डॉक्टरकीचं शिक्षण घेणारी बाई. मे २०१७ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं तिचं लग्न रद्द करून तिला वडिलांच्या ताब्यात दिलं. कित्येक महिने ती त्या घरात, दारात पोलीस. सर्वोच्च न्यायालयानं तिचं लग्न वैध ठरवलं ते मार्च २०१८ मध्ये. मालिका त्यानंतर वर्षभरानं आली. यात भविष्य कुठं आहे?

आणि आपला पुरोगामी महाराष्ट्र? १३ डिसेंबर २०२२ रोजी राज्याच्या महिला व बालविकास विभागानं आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली. टीका झाली तेव्हा काही दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द काढला, आंतरधर्मीय ठेवला. काम काय, तर अशी लग्नं केलेल्या जोडप्यांची माहिती गोळा करायची आणि मुलीचा माहेराशी संवाद घडवायचा. संवाद! मुलीनं मागितला होता का? निमित्त श्रद्धा वालकरच्या खुनाचं होतं. स्वयंपाकघरात जाळल्या गेलेल्या, घरच्यांनी पाहून दिलेल्या नवऱ्यांनी मारलेल्या बायकांसाठी स्वजातीय विवाह समन्वय समिती कधी निघाली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर ‘लव्ह जिहाद’विरोधी कायद्याचा विचार करायला थेट पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यातच तीस दिवसांची नोटीस आहे. नावं-पत्ते फलकावर लावायचे आणि हरकतींची वाट पाहायची. ज्या मुलीला घरच्यांपासून धोका आहे तिचा पत्ता सरकारनं भिंतीवर चिकटवायचा. या तरतुदीविरुद्ध आपण निवेदनं दिली आहेत, पण नेट लावून लढलेलो नाही. आंतरजातीय लग्नाला हारतुरे घेऊन जाणाऱ्या आपल्यातल्याच काहीजणी आंतरधर्मीय म्हटलं की "जरा चौकशी करूया" म्हणतात. मी बैठकीत ऐकलं आहे. नावं घेत नाही, त्या हे वाचतील.

दुसरा भाग त्या संध्याकाळी लावलाच नाही. मी त्या फॉर्मची गोष्ट सांगितली आणि मग रात्री दहापर्यंत तेच बोलणं चाललं. आमच्यातली एक सध्या अशाच एका संस्थेत नोकरी करते. दुसऱ्या दिवशी तिनं कोऱ्या फॉर्मचा फोटो पाठवला. रकाना अजून आहे, फक्त शब्द बदललाय: ‘कुटुंबाशी पुनर्जुळवणी – प्रगती’. ज्या मैत्रिणी वसतिगृहात, आधारगृहात, पोलिसांच्या समुपदेशन कक्षात काम करतात, त्यांनी आपापल्याकडचे कोरे फॉर्म आमच्या गटाकडे पाठवावेत. बायकांची नावं नकोत, नुसते रकाने हवे आहेत. पुढच्या अंकात ते शेजारी शेजारी छापायचा विचार आहे.