बोलाल तर उजेड पडेल

किल्ल्यावरचा किंवा राजवाड्यातला ध्वनी-प्रकाश कार्यक्रम वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. अंधारात खुर्च्यांवर बसायचे, भिंतींवर रंगीत दिवे फिरतात, कर्ण्यातून भारदस्त आवाज इतिहास सांगतो. आपण ऐकायचे आणि घरी जायचे. त्या इतिहासात कोणाचे नाव आले आणि कोणाचे गाळले गेले, हे विचारण्याची सोय तेथे नसते. आज आम्ही याच्या अगदी उलट तऱ्हेच्या एका कलाकृतीची ओळख करून देणार आहोत. तिच्यातही दिवा होता आणि आवाज होता. पण आवाज लोकांचा होता आणि कोणी बोलले तरच दिवा पेटत होता.

ही हकीकत मेक्सिको देशाची आहे. २ ऑक्टोबर १९६८ चा दिवस. राजधानी मेक्सिको सिटीतले ऑलिंपिक सामने दहा दिवसांवर आले होते. राजकीय कैद्यांची सुटका व्हावी, पोलिसी दडपशाही थांबावी म्हणून विद्यार्थी आंदोलन करीत होते. त्या संध्याकाळी त्लातेलोल्को वस्तीतल्या ‘तीन संस्कृतींच्या चौकात’ त्यांची सभा भरली. विद्यार्थ्यांबरोबर कामगार होते, शेजारपाजारची माणसे होती. सभा चालू असताना हेलिकॉप्टरमधून प्रकाशगोळे सोडण्यात आले आणि पाठोपाठ चौकावर गोळ्यांचा वर्षाव सुरू झाला. गोळी आधी विद्यार्थ्यांनीच झाडली, असे सरकारने सांगितले. मृतांचा सरकारी आकडा अगदी थोडा होता. प्रत्यक्षदर्शी मात्र शेकडो गेले असे सांगत राहिले. तो वाद आजही मिटलेला नाही. पंचवीस वर्षांनी, १९९३ साली, चौकात एक शिळा उभी राहिली आणि तिच्यावर काही मृतांची नावे कोरली गेली.

२००८ साली या हत्याकांडाला चाळीस वर्षे झाली. चौकाला लागूनच पूर्वीच्या परराष्ट्र मंत्रालयाची उंच इमारत आहे. तेथे आता राष्ट्रीय विद्यापीठाचे सांस्कृतिक केंद्र आहे. या केंद्राने राफाएल लोझानो-हेमर या कलावंताला स्मृतिकार्य सोपवले. लोझानो-हेमर यांचा जन्म मेक्सिको सिटीतलाच, १९६७ सालचा. शिक्षण मात्र कॅनडात, तेही रसायनशास्त्रातले. त्यांनी पुतळा उभारला नाही. त्यांनी चौकात एक कर्णा ठेवला आणि येईल त्याला बोलायला सांगितले. कलाकृतीचे नाव ‘बोस आल्ता’, म्हणजे मोठा आवाज.

रचना समजायला कठीण नाही. बोलणाऱ्याच्या शेजारी १० किलोवॅटचा झोतदिवा होता. आवाजाचे विजेच्या संकेतात रूपांतर होई आणि त्यावर दिव्याचे तेज ठरे. आवाज चढला की झोत प्रखर, खाली आला की मंद, माणूस थांबला की अंधार. हा झोत त्या इमारतीच्या माथ्यावर पोहोचे आणि तेथून आणखी तीन झोतदिवे तोच संदेश शहराच्या तीन दिशांना पाठवत. दूरवर गच्चीत उभ्या असलेल्या माणसाला आकाशात दिवा लुकलुकताना दिसे. विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावर तेच बोलणे थेट ऐकू येई. म्हणजे रेडिओ लावला की दिवा काय म्हणतो आहे ते घरबसल्या कळे. चौकात कोणी बोलायला नसेल तेव्हा त्या रात्रीतून वाचलेल्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर दिवे चालत.

आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट यंत्रात नाही. हजारो लोक बोलले आणि कोणाचेही बोलणे आधी तपासले गेले नाही. वाचलेल्यांनी त्या रात्रीची हकीकत सांगितली, कोणी कविता म्हटली, कोणी नव्या आंदोलनाची हाक दिली, कोणी चक्क लग्नाची मागणी घातली! हे सारे त्याच चौकात, जेथे एके काळी आकाशातल्या उजेडापाठोपाठ गोळ्या आल्या होत्या.

दिव्यांनी न्याय मिळवून दिला, असे आम्ही म्हणणार नाही. त्या वेळचे गृहमंत्री लुईस एचेवेरिया पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्यावर २००६ साली आरोप ठेवले गेले, २००९ साली न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले आणि २०२२ साली वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. कलेची ताकद तेवढी नाही. पण ज्या आयांची, मित्रांची दुःखे चाळीस वर्षे घराच्या चार भिंतींत राहिली, त्यांना शहराच्या माथ्यावर जागा मिळाली.

आमच्या वाचकांत वायरमन आहेत, ध्वनिक्षेपकवाले आहेत, इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुले-मुली आहेत. छोटा माइक, ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, एलईडी आणि बॅटरी अशा सामानातून आवाजाबरोबर उजळणारा दिवा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही होतो. जरूर करून पाहा, आणि त्या माइकसमोर पहिल्यांदा घरातल्या आजीला बसवा. ज्या मंडळांना हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर करायचा असेल, त्यांनी दिव्यांची खरेदी करण्याआधी एक बैठक घ्यावी. माइक कोणाला द्यायचा नाही, याची यादी आपण करणार आहोत काय, हे त्या बैठकीत ठरवावे. यादी होणार असेल, तर आपली नेहमीची रोषणाईच बरी.