हर्न यांचे घर कोणी वसवले?

लाफ्काडियो हर्न यांचा जपानी बागेवरील निबंध साहित्याच्या वर्गात वाचावयास दिला की दोहोंपैकी एक प्रतिक्रिया ठरलेली असते. पहिली भारावलेली. एक परदेशी शिक्षक जपानात जातो, कागदी दारांच्या घरात तातामीवर बसतो आणि पाहता पाहता जपानी होऊन जातो, अशी ती गोष्ट. दुसरी प्रतिक्रिया शिकवून तयार केलेली. हा तर पौर्वात्यवादाचा नमुना, असे म्हणून एडवर्ड सैद यांचे नाव घ्यावयाचे आणि वही मिटावयाची. या दोन्ही प्रतिक्रिया आम्हांस सारख्याच आळशी वाटतात. परक्या देशातल्या घरात माणूस 'रुळतो' म्हणजे नेमके काय होते, तो रुळावा म्हणून कोण खपते, हा प्रश्न दोन्हीकडे उपस्थितच होत नाही.

प्रथम तपशील पाहू. हर्न १८९० च्या ऑगस्टमध्ये मात्सुए येथे इंग्रजीचे शिक्षक म्हणून रुजू झाले. पगार महिना शंभर येन. त्या गावात, त्या काळी, ही रक्कम फार मोठी होती. आधी एका खानावळवजा धर्मशाळेत, मग पाण्याकाठच्या एका लहानशा घरात आणि १८९१ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी किल्ल्याजवळच्या एका जुन्या सामुराई वाड्यात त्यांनी बिऱ्हाड केले. तीन बाजूंना बाग असलेले हे घर म्हणजेच त्या निबंधातले घर. दगड, कमळाचे तळे, बेडूक, कीटक, पक्षी यांची त्यात जी सावकाश, प्रेमळ मोजदाद आहे, तिला इंग्रजी गद्यात तोड क्वचित सापडेल. ते आम्ही नाकारीत नाही.

परंतु या घरात हर्न राहिले सुमारे पाच महिने. नोव्हेंबर १८९१ मध्ये ते दुप्पट पगारावर कुमामोतोला गेले. म्हणजे ज्या घरामुळे जपानी घरात रुळलेला परदेशी अशी त्यांची ख्याती झाली, त्या घरात त्यांनी एकही हिवाळा काढला नाही! मात्सुएचा आदला हिवाळा त्यांनी दुसऱ्या घरात काढला होता, आणि त्यात ते अंथरुणाला खिळले होते. यात नवल नाही. घर बांधताना उन्हाळ्याचा विचार करावा, हिवाळ्यात माणूस कुठेही राहू शकतो, असा सल्ला केन्को नावाच्या भिक्षूने चौदाव्या शतकातच देऊन ठेवला आहे. सरकती दारे, कागदी शोजी, जमिनीपासून उचललेली लाकडी तक्तपोशी हा सारा सरंजाम वारा खेळावा म्हणून आहे. जानेवारीत तोच वारा खेळतो, आणि शेगडीवर हात तेवढे शेकतात. पाठ गारच राहते.

येथे मराठी वाचकास एक सोय आहे. बॉस्टनच्या वाचकास ज्या गोष्टींचे अप्रूप वाटावे म्हणून हर्न लिहीत होते, त्यांपैकी निम्म्या आपल्या घरच्याच. पादत्राणे बाहेर काढून घरात यावे, जमिनीवर बसावे, जमिनीवर जेवावे, रात्री अंथरूण घालावे आणि सकाळी गुंडाळून ठेवावे, यात आपल्याला नवे ते काय? एंगावाला पडवी म्हटले तर फारसे बिघडत नाही. (तोकोनोमाला मात्र देव्हारा म्हणू नये, तेथे चित्र असते, फुले असतात, देव नसतो. प्रभाकर पाध्ये यांनी आपल्या जपानवरच्या पुस्तकाला 'तोकोनोमा' हेच नाव दिले, मराठी प्रतिशब्द शोधला नाही, हे योग्यच केले.) अप्रूप असे गळून पडले की आपले लक्ष साहजिकच दुसरीकडे जाते. सारवलेल्या जमिनीच्या घरात वाढलेला माणूस हा निबंध वाचताना विचारतो : अंथरुणे कोण गुंडाळीत होते? निखारे कोण आणीत होते? पावसाळ्यात बाहेरची लाकडी दारे रोज कोण ओढून घेत होते?

निबंधात याचे उत्तर नाही. उत्तर आहे कोइझुमी सेत्सु यांच्या आठवणींत. १८६८ मध्ये, म्हणजे मेजी राजवट आली त्याच वर्षी, एका सामुराई घराण्यात त्यांचा जन्म झाला. नव्या राज्याने सामुराईंची वतने बंद केली आणि सेत्सु लहानपणापासून हातमागावर बसल्या. १८९१ च्या आरंभी आजारातून उठणाऱ्या परदेशी शिक्षकाचे घर सांभाळण्यासाठी त्या आल्या, आणि पुढे पत्नी झाल्या. ज्या वर्गाच्या लयाला गेलेल्या जीवनावर हर्न हळहळत होते, त्याच वर्गातली, त्याच लयामुळे कामाला लागलेली एक स्त्री त्यांच्यासमोर रोज ताट ठेवीत होती. तीन बाजूंच्या बागेतला प्रत्येक दगड दिसणाऱ्या निबंधकाराने तिला मात्र नावानिशी कोठे उभे केलेले नाही. सैदवादी मंडळींना दोष काढावयाचाच असेल तर तो येथे काढावा, बेडकांवर कशाला?

मात्र एवढ्यावर थांबणेही अन्यायाचे होईल, कारण घर पुढे वसले. ते कसे वसले हे आम्हांस बागेपेक्षा मोलाचे वाटते. हर्न यांना जपानी नीट येत नव्हते, शेवटपर्यंत आले नाही. सेत्सु यांनी कानांवर पडतील तसे इंग्रजी शब्द कानालिपीत उतरवून घेण्याची वही घातली होती, पण संसार चालला तो तिसऱ्याच भाषेत. विभक्तिप्रत्यय गळालेले, क्रियापदे न चालवलेली, शब्दांचा क्रम इंग्रजी वळणाचा, अशी ती मोडकी जपानी. घरच्यांनी तिला 'हर्नसाहेबांची भाषा' असे नावच दिले होते. व्याकरणाच्या दृष्टीने ती अपंग खरीच. पण तिच्यात भांडणे झाली, मुले वाढली आणि एक अस्सल पुस्तकही झाले.

हर्न यांच्या निधनाच्या वर्षी, १९०४ मध्ये, प्रसिद्ध झालेले 'क्वाइदान' हे ते पुस्तक. त्यातल्या कथांपैकी कित्येक सेत्सु यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून शोधल्या, स्वतः वाचल्या आणि रात्री दिव्याची वात उतरवून नवऱ्याला सांगितल्या. पुस्तक समोर धरून वाचलेले हर्न यांना चालत नसे. तुझ्या शब्दांत सांग, तुझ्या विचाराने सांग, असा त्यांचा हट्ट. बिनकानांच्या होइची या आंधळ्या गायकाची कथा लिहीत असताना संध्याकाळ झाली तरी त्यांनी दिवा लावला नाही. सेत्सु यांनी फुसुमाच्या, म्हणजे दोन खोल्यांमधल्या सरकत्या पडदीच्या, पलीकडून हलक्या आवाजात होइचीच्या नावाने हाक मारली. आतून हर्न यांनी होइची होऊन उत्तर दिले. आम्हांस विचाराल तर परदेशी शिक्षक जपानी घरात रुळल्याचा पुरावा हा. दृष्टी अडवावी आणि आवाज जाऊ द्यावा, हा त्या घराचा स्वभाव आहे. मात्सुएत हर्न यांनी त्या घराकडे डोळ्यांनी पाहिले होते, तेही एका डोळ्याने, कारण दुसरा सोळाव्या वर्षीच गेला होता. तोक्योत त्यांनी ते कानांनी ऐकले.

याच आठवणींतला आणखी एक प्रसंग आम्हांस अस्वस्थ करतो. आपण शिकलेल्या असतो तर आपली अधिक मदत झाली असती, अशी खंत सेत्सु यांनी एकदा व्यक्त केली. हर्न त्यांना पुस्तकांच्या कपाटापाशी घेऊन गेले; ही सारी पुस्तके तुझ्यामुळेच झाली, तू शिकली असतीस तर भुताखेतांच्या गोष्टींना वेडगळ म्हणाली असतीस, अशा अर्थाचे काही बोलले. सेत्सु ही आठवण कृतज्ञतेने सांगतात. ऋण एवढ्या मोकळेपणाने मान्य करणारा नवरा आजही दुर्मिळ आहे, हे खरे. तथापि बायकोच्या न शिकण्यावर ज्याची लेखणी चालते, त्याने त्या न शिकण्याचे कौतुक करावे, हे कानाला खटकते. आपल्याकडे ओव्या गोळा करणाऱ्या विद्वानांनीही जात्यावरच्या बायांच्या निरक्षरतेचे असेच गोडवे गाइले आहेत, याची आठवण अभ्यासकांनी ठेवावी.

आणि रुळणे म्हणजे सर्वस्वी विरघळणेही नव्हे. १९०२ मध्ये हर्न कुटुंब तोक्योच्या निशी-ओकुबो भागातल्या स्वतःच्या घरात राहावयास गेले, तेव्हा सारे जपानी पद्धतीचे असावे असा धन्याचा आग्रह होता. फक्त एका खोलीत स्टोव्ह हवा, आणि लिहिण्याचे मेज पश्चिमेकडे तोंड करून. हे मेजही साधे नव्हते. डोळा अधू असल्यामुळे कागद नाकाशी यावा म्हणून ते मुद्दाम उंच करवून घेतलेले होते. बाकी घर जमिनीवर बसते आहे आणि मधोमध एक माणूस छातीएवढ्या उंच मेजावर ओणवा झाला आहे, हे चित्र भाबड्या वाचकास विसंगत वाटेल. आम्हांस ते प्रामाणिक वाटते. खुद्द जपान्यांनाही जुन्या घरात राहणे सोपे गेले नाही. तानिझाकी यांचा सावल्यांवरचा प्रसिद्ध निबंध सुरू होतो तो विजेच्या तारा आणि शेगड्या कोठे लपवाव्यात या विवंचनेनेच.

मात्सुएची ती बाग एक दिवस नाहीशी होईल, असे भाकीत हर्न यांनी निबंधाच्या शेवटी केले होते. ते खोटे ठरले. घरमालकाचा मुलगा हर्न यांचा विद्यार्थी निघाला. त्याने घर जपले, आणि १९४० मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाले. सेत्सु यांना मात्र थांबावे लागले. त्यांच्या जीवनावर बेतलेली दैनंदिन मालिका जपानी दूरचित्रवाणीवर आली ती २०२५ मध्ये. आमच्या अध्यापक मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते की यापुढे बागेचा निबंध एकटा नेमू नये. सेत्सु यांच्या आठवणींचे इंग्रजी भाषांतर १९१८ पासून उपलब्ध आहे, पुस्तक लहान आहे, आणि आठवड्याच्या दोन तासिकांत सहज होते.