अंगठा न मागणारा गुरु

वाचकहो, खेळ शिकविणाऱ्या गुरुजनांच्या गौरवासाठीं सरकारनें १९८५ सालीं एक पारितोषिक सुरू केलें आणि त्याला नांव दिलें द्रोणाचार्यांचें! निषादाचा पोर म्हणून एकलव्याला ज्यानें दारांतून परत लाविलें, आणि त्यानें मातीच्या मूर्तीपुढें स्वकष्टानें विद्या मिळविली तेव्हां दक्षिणा म्हणून उजवा अंगठा मागितला, तोच हा गुरु. अंगठ्याची किंमत तुम्हांस काय सांगावी? नांगराचें रुमणें, सुताराचा वाकस, शिंप्याची सुई, सारें त्यावरच चालतें.

पण नांव कसेंही असो, १९९० सालीं हें पारितोषिक ज्यांना मिळालें ते रमाकांत आचरेकर अगदीं उलट वळणाचे. पोटासाठीं स्टेट बँकेंत नोकरी, आणि जीव सारा दादरच्या शिवाजी पार्कवरील पोरांत. स्वतः पहिल्या दर्जाचा एकच सामना खेळले. पण सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे यांसारखे देशाकडून खेळणारे गडी त्यांच्या हाताखालीं तयार झाले. १९८८ सालीं शारदाश्रम शाळेकडून सचिन व कांबळी यांनीं ६६४ धावांची अभंग भागी केली, ती याच गुरूची शिकवण. पोराला जास्त सामने मिळावेत म्हणून ते सचिनला स्कूटरवर बसवून मैदानामागून मैदान फिरवीत. यष्टीवर रुपया ठेवीत. सचिनला बाद करील त्याचा तो रुपया, सचिन टिकला तर सचिनचा. असे तेरा रुपये सचिननें जपून ठेविले आहेत. एका गुरूनें अंगठा घेतला, दुसऱ्यानें रुपया दिला!

त्यांना २०१० सालीं पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजीं ते वारले. शिवाजी पार्कवर त्यांचें स्मारक झालें तें डिसेंबर २०२४ मध्यें. झालें हें उत्तमच. पण ज्याचे शिष्य जगप्रसिद्ध झाले नाहींत, त्या गांवच्या व्यायामशिक्षकाचें काय? तो तीस वर्षें भल्या पहाटे मैदानावर चुन्याच्या रेघा आंखतो, आणि निवृत्तीच्या दिवशीं त्याच्या हातीं शाल व नारळ पडतो. बस्स!

यांत आम्ही मास्तर मंडळीही दोषी आहों. परीक्षा जवळ आली कीं खेळाचा तास गणिताला द्या, असें आम्हीच म्हणतों. मीही म्हटलें आहे. ज्या पोराची हुशारी हातापायांत आहे, त्याचा तो तास काढून घेणें म्हणजे अंगठा कापणेंच नव्हे काय?

तेव्हां बांधवांनो, अशा गुरूचा सत्कार करावयाचा असेल तर तो नोकरींत असतांनाच करा. त्याचा तास त्याला राहूं द्या. मैदानांतले दगड वेंचावयास एक दिवस घरचीं माणसें पाठवा. पोरांचा सामना असेल तेव्हां कडेला येऊन उभे राहा. आणि त्याचीं ढालीं-बक्षिसें मोजण्याआधीं एवढेंच विचारा: यानें किती पोरांना दारांतून परत लाविलें? उत्तर ‘एकालाही नाहीं’ असें आलें, तर नारळ खुशाल फोडा.