ताग्याचा ऐब परत घेतो, मग ट्रकचा का नाही?

कापडाच्या धंद्यात एक जुना रिवाज आहे. गिऱ्हाईक तागा घरी नेते, उलगडते आणि आत डाग, तुटका धागा किंवा पन्ह्यात फरक निघाला तर दुकानात परत आणते. दुकानदार थोडी कुरकुर करील, पण तागा परत घेईल. तो पुढे सुरतच्या किंवा मालेगावच्या पार्टीला कळवील आणि तेवढी रक्कम हिशेबातून वजा होईल. इस्लामी फिकहमध्ये खरेदीदाराच्या या हक्काला ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात. सौद्याच्या वेळी न दिसलेला ऐब नंतर निघाला, तर माल ठेवावा की परत करावा हे ठरवण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे. मदीनेच्या बाजारात हजरत पैगंबर (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओलावा लागला, ही हकीकत आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकली आहे. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा जाब त्याला विचारण्यात आला.

हजार-दोन हजारांच्या ताग्याला जो न्याय मिळतो तो लाखो रुपयांच्या ट्रकला का मिळू नये, हा आमचा सवाल आहे.

कुरुंदा हे वसमत तालुक्यातले बाजाराचे गाव. आमच्या दुकानातल्या गाठी सुरत, भिवंडी, इचलकरंजीहून ट्रकने येतात. इकडची हळद, कापूस आणि गिरगाव भागातली केळी ट्रकनेच बाहेर जातात. या गाड्यांचे मालक कोणी शेठ नाहीत. एक गाडी, तिच्यावर फायनान्सचे हप्ते आणि मालक स्वतःच ड्रायव्हर, असा हा बहुतेकांचा संसार आहे. त्यात आपल्या समाजाचे बांधव पुष्कळ आहेत आणि गॅरेज, टायर, वेल्डिंग, बॉडीकाम यांत तर विशेष आहेत. म्हणून हा प्रश्न फक्त गाडीवाल्यांचा नाही, आपल्या सर्वांच्या रोजीचा आहे.

गाडीवाल्यांच्या तक्रारी कानांवर पडतात त्या अशा. नवी गाडी काही महिन्यांतच स्टिअरिंग एका बाजूला ओढते. एकाच चाकाचा ड्रम पुन्हा पुन्हा तापतो. कमानीचा मेन पाटा कायदेशीर वजनातही तुटतो. वायरिंग जळाल्याचा वास येतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, तेव्हापासून आणखी एक तक्रार वाढली. धूर साफ करण्यासाठी जे युरियाचे पाणी भरावे लागते, त्याचा सेन्सर बिघडला की इंजिनाची ताकद आपोआप कमी होते. भरलेली गाडी घाटाच्या चढावर असताना असे झाले, तर मागून येणाऱ्याने काय करावे? हा दोष गावातल्या मिस्त्रीला सापडत नाही, कारण त्यासाठी कंपनीचे मशीन लागते. मग गाडी नांदेडला न्यायची, दोन दिवस उभी ठेवायची आणि भाडे बुडवायचे.

वर्कशॉपमध्ये उत्तर ठरलेले असते. ‘तुमच्या ड्रायव्हरची चालवण्याची पद्धत बरोबर नाही,’ किंवा ‘तुम्ही ओव्हरलोड भरता.’ आमच्या परिचयाच्या एका गाडीमालकाने एकाच दोषासाठी तीन चकरा मारल्या. तिन्ही वेळा जॉबकार्डावर ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिले गेले. दोष होता याचा कागदावर पुरावाच राहिला नाही. ही त्या एका वर्कशॉपची गोष्ट नाही. तोंडी सांगितलेली तक्रार सगळीकडे अशीच विरून जाते.

अपघात झाला की सगळा बोजा ड्रायव्हरवर येतो. नव्या न्याय संहितेतल्या दहा वर्षांच्या शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रक उभे राहिले, ते याच भीतीने. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हा कलम १०६ चे ते दुसरे पोटकलम बाजूला ठेवावे लागले. ड्रायव्हरने पळून जाऊ नये, जखमीला मदत करावी, हे इन्सानियतचे कर्तव्यच आहे. पण गाडी बनवणाऱ्याची जबाबदारी किती, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने कित्येक मोटारींना धडक दिली. पहिली बातमी ‘ब्रेक फेल’ अशी होती. तपासात मात्र ब्रेक निकामी नव्हते, डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले होते, असे पुढे आले. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनावर फिरणारा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद केले की टाकीत उरलेली हवा प्रत्येक दाबासरशी कमी होते आणि स्टिअरिंगही जड होते. दोन लिटर डिझेलसाठी असा जुगार खेळणाऱ्याला कंपनीकडे बोट दाखवण्याचा हक्क राहत नाही. ‘ब्रेक फेल’ हा शब्द आपणच सोपा करून टाकला, म्हणून खरोखर ब्रेक फेल झालेल्या माणसावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

मग खरा दोष आणि खोटी सबब वेगळी कशी करायची? एकेकट्या तक्रारीवरून ते कळत नाही. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीच्या काही मोटारींची चावी चालत्या गाडीत आपोआप फिरत असे. इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई आणि धडकेच्या वेळी एअरबॅग उघडत नसे. प्रत्येक अपघात सुटा पाहिला तर चालकाचीच चूक वाटत होती. वर्षानुवर्षांच्या तक्रारी आणि अपघात एकत्र मांडले गेले, तेव्हा सगळ्यांमागे तोच एक स्वस्त सुटा भाग निघाला. २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि १२४ मृत्यूंची भरपाई कंपनीच्या निधीतून मंजूर झाली. तिथे १९६६ पासून वाहन सुरक्षेचा कायदा आहे आणि मालकांच्या तक्रारी सरकारी दप्तरी नोंदल्या जातात. त्या नोंदी होत्या म्हणूनच हा हिशेब जुळला.

आपल्याकडेही कायदा आता आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. एखाद्या मॉडेलच्या दोषाबद्दल ठराविक प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्या, किंवा चाचणी संस्थेने दोष कळवला, तर केंद्र सरकार कंपनीला ते वाहन परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकते. कंपनीने दुरुस्त करून द्यावे, बदलून द्यावे किंवा पैसे परत करावेत, अशी तरतूद आहे. सक्तीच्या रिकॉलला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. कंपनीने स्वतःहून दोष कळवून गाड्या परत बोलावल्या तर दंड नाही. तक्रार नोंदवण्याची सोय ‘वाहन’ या सरकारी संकेतस्थळावर आहे.

या कायद्यातली मेख व्यापाऱ्याने ओळखली पाहिजे. कायदा तक्रारी मोजतो आणि आपण तक्रारी चहाच्या टपरीवर सांगतो. शंभर मालकांनी टपरीवर सांगितलेला दोष सरकारी हिशेबात शून्य आहे. दुसरी उणीव कायद्याचीच आहे. हे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू होतात. आमच्या भागातला गरीब मालक बहुधा जुनीच गाडी घेतो. मूळ बनावटीचा दोष सात वर्षांनी पवित्र होत नाही. निदान ब्रेक, स्टिअरिंग आणि आगीच्या दोषांपुरती ही मुदत वाढली पाहिजे, अशी मागणी वाहतूकदारांच्या संघटनांनी लावून धरावी.

दुसरा दरवाजा ग्राहक आयोगाचा आहे. ‘ट्रक म्हणजे व्यापारी वस्तू, तुम्ही ग्राहक नाही,’ असे सांगून मालकांना परत पाठवले जाते. हे अर्धसत्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात स्पष्ट केले आहे की, पोट भरण्यासाठी ट्रक घेऊन तो स्वतः चालवणारा माणूस ग्राहकच आहे. एक-दोन माणसांची मदत घेतली म्हणून त्याचा हक्क जात नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार कंपनीच्या गावी न जाता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. मात्र ज्याने चार गाड्या घेऊन पगारी ड्रायव्हर ठेवले, त्याला हा दरवाजा सहसा उघडत नाही.

हक्क मागण्यापूर्वी आपले हात साफ असले पाहिजेत. यात आम्ही व्यापारीही आलो. दहा गाठींच्या भाड्यात बारा गाठी चढवण्याचा आग्रह कोण करतो? गाडीवाला नाही म्हणाला तर दुसऱ्याला बोलावण्याची धमकी कोण देतो? जुलै २०१८ मध्ये सरकारने अॅक्सलवरचे कायदेशीर वजन वाढवून दिले, तरी त्याच्यावर भरणे थांबले नाही. ओव्हरलोडला वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार आहेत. पण दंडापेक्षा मोठा तोटा हा की, एकदा वजनकाट्याची पावती जास्त निघाली की कंपनीचा खरा दोषही झाकला जातो. वाचवलेल्या भाड्याच्या शंभर रुपयांत दुसऱ्याच्या जिवाचा धोका मिसळला असेल, तर ती कमाई हलाल कशी म्हणावी, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

आमची सूचना साधी आहे. कुरुंदा आणि वसमतच्या गाडीमालकांनी मिळून एक वही ठेवावी. गाडीचे मॉडेल, साल, चेसिस नंबर, किलोमीटर, दोष आणि तारीख त्यात लिहावी. वर्कशॉपमध्ये आपली तक्रार आपल्याच शब्दांत जॉबकार्डावर लिहून घ्यावी आणि नक्कल घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये. कंपनीला रजिस्टर पत्र पाठवावे. ‘वाहन’वर नोंद करावी. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी बसावे, अर्ध्या तासाचे काम आहे. गाठी नेल्या-आणल्याची बिल्टी आणि वजनकाट्याची पावती व्यापाऱ्याने जपून ठेवावी, कारण वजन बरोबर होते हे सांगणारी साक्ष तीच आहे. वहीत एकाच मॉडेलचा एकच दोष पाच-सात वेळा आला, तर हिंगोलीच्या परिवहन कार्यालयात एकट्याने न जाता सगळ्यांनी मिळून जावे आणि अर्जाची पोच घ्यावी.

व्यवहार लिहून ठेवावा, ही कुरआनची ताकीद आहे. उधारीच्या वहीत आपण ती पाळतो. ड्रायव्हरच्या जिवाचा हिशेबही त्याच काळजीने लिहिला जावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.