वेग वाढवा, पण आधी रॅम तपासा

प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताना संगणक बंद पडला, स्क्रीन निळी झाली, तर फार घाबरू नका. चूक निदान समोर तरी आली. मला काळजी वाटते ती न दिसणाऱ्या चुकीची. रॅमचं टायमिंग जरा जास्त आवळलं, तरी संगणक आठवडाभर सुरळीत चालतो, गेमही चालतात, आणि त्याच काळात कॉपी होणाऱ्या एखाद्या फोटोतला एखादा बिट बदलून लिहिला जातो. लक्षात येईपर्यंत बॅकअपमध्येही तीच बिघडलेली प्रत गेलेली असते. डीडीआर५ रॅममध्ये चुका दुरुस्त करायची सोय आहे खरी, पण ती चिपच्या आतल्यापुरती. रॅम ते प्रोसेसर या वाटेवर झालेली चूक तिला सापडत नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: प्रोसेसर आणि रॅम, दोघांना एकाच वेळी हात लावू नका. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळे दोन्ही बदलून बसलात तर दोष कुणाचा हे शोधता शोधता दमून जाल. आधी प्रोसेसर मूळ वेगावर ठेवा आणि रॅमचा वेग व टायमिंग बसवून घ्या. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालू द्या. एक चूक आली तरी ती सेटिंग सोडा. ‘एकच तर आहे’ म्हणू नका. रॅम पक्की झाल्यावरच प्रोसेसरकडे वळा, आणि प्राइम९५ किंवा ओसीसीटी लावून त्याला ताण द्या.

बायोसमधलं एक्सपो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारं तयार प्रोफाइल, चालू करणं हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचा अधिकृत रॅमवेग डीडीआर५-५२०० आहे, ६००० नव्हे. शिवाय मोठ्या आकड्याने हुरळून जाऊ नका. रॅमचा विलंब काढायला तिच्या सीएल या टायमिंगला २००० ने गुणून रॅमच्या वेगाने भागा: ६००० वर सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, आणि ६४०० वर सीएल३२ म्हणजेही १०च. त्यात ६४०० ला कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने धावू शकला नाही, तर त्याला निम्म्या वेगावर ठेवावं लागतं आणि विलंब उलट वाढतो. या मालिकेवर बहुतेकांनी ६००० वर थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्होल्टेजशी मात्र प्रयोग नकोत. २०२३ मध्ये रायझनचे काही एक्स३डी प्रोसेसर जळाले, तेव्हा एएमडीने मेमरी कंट्रोलरला मिळणाऱ्या एसओसी व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. तुमचं बायोस त्याआधीचं असेल तर ते आधी अपडेट करा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले अनेक प्रोसेसर प्रमाणाबाहेरच्या व्होल्टेजमुळे खराब झाले. २०२४ मध्ये त्यावर नवा मायक्रोकोड आला, पण झालेली इजा त्याने भरून निघाली नाही.

आणि हवामान विसरू नका. रॅम तापली की तिच्या पेशींतला विद्युतभार लवकर गळतो, म्हणून जानेवारीत पास झालेलं टायमिंग मे महिन्यात नागपूरच्या खोलीत नापास होऊ शकतं. उन्हाळ्यात पुन्हा चाचणी घ्या. ज्या संगणकावर प्रबंध, हिशेब किंवा घरच्यांचे फोटो आहेत, त्यातल्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा, ती डिस्क सोडवून कपाटात ठेवा, आणि मगच बायोस उघडा.