शहराचा आराखडा आणि कष्टकरी स्त्री

7 मार्च 2022 रोजी मुंबई महानगरपालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली. 8 मार्चला, आंतरराष्ट्रीय महिला दिनीच, कारभार प्रशासकाच्या हाती गेला. आणि 13 मार्चला मुंबईचा हवामान कृती आराखडा जाहीर झाला. 227 जागांपैकी निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असलेले सभागृहच अस्तित्वात नसताना, जानेवारी 2026 मधील निवडणुकीपर्यंत, या आराखड्याचा जाब नोकरशाहीला विचारावयाचा कोणी?

पूर आणि उष्मा ही वरकरणी निसर्गाची कृत्ये. परंतु 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, त्यानंतर झोपड्यांतून चिखल उपसणारे, भिजलेले धान्य निवडणारे, पाण्यासाठी रांगेत तिष्ठणारे हात बहुतांशी स्त्रियांचे होते. या श्रमाला मजुरी नाही, म्हणून त्याची नोंदही नाही. पंचनाम्यात पडलेली भिंत येते. घरकामगार स्त्रीचे बुडालेले खाडे येत नाहीत.

अहमदाबादचा अनुभवही बोलका आहे. मे 2010 मधील भीषण उष्म्याने घेतलेल्या बळींनंतर तेथे 2013 साली उष्णता कृती आराखडा आला. हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु ‘दुपारी घरात थांबा’ हा सल्ला पत्र्याच्या खोलीत तुकड्यावर शिलाई करणाऱ्या स्त्रीला कसा लागू पडावा? तिचे घर हाच तिचा कारखाना, आणि तोच भट्टी! 2024 मध्ये ‘सेवा’ संघटनेच्या हजारो सभासद स्त्रियांना उष्म्यापोटी प्रत्येकी 400 रुपये मिळाले. त्या रकमेची टिंगल करण्याचा अधिकार, कधी उपाशी न निजलेल्या कोणासही नाही. तथापि भरपगारी विश्रांतीचा हक्क मालक आणि शासन यांच्याकडून वसूल करावयाचा असतो. विमा त्याची जागा घेऊ शकत नाही.

1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने 3 लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, नगरपालिकांत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा दिल्या. समित्या बहुतेक ठिकाणी कागदावर राहिल्या. आणि हे स्पष्टपणे बोलले पाहिजे की, आपल्याही कामगार संघटनांनी हा प्रश्न ‘महिला आघाडीचा’ म्हणून बाजूस सारला. नालेसफाईचे कंत्राट, सार्वजनिक नळ, रात्री उघडे राहणारे शौचालय, पुरातील निवारा यांवर खर्च होणाऱ्या प्रत्येक रुपयाचा हिशेब वस्तीतील स्त्रियांपुढे, प्रभाग समितीच्या उघड्या बैठकीत मांडला जावा, ही मागणी प्रत्येक शहर शाखेने येत्या पावसाळ्यापूर्वी पालिकेच्या दारात नेली पाहिजे.