प्लगचा दिवस कोणता धरायचा?

वसई-विरार पट्ट्यातील प्राणिगृहांकडून सध्या एकच तक्रार येते आहे. समागमाची खूण असलेला योनीतला प्लग दिसलेल्या म्हणून मागवलेल्या स्विस उंदरांच्या माद्या येतात, पाचव्या दिवशी शेपटीच्या शिरेतून शिकागो ब्लू हा रंग दिला जातो आणि पोट उघडले की गर्भाशयाच्या शिंगांवर रोपणाची जागा दाखवणारा निळा पट्टा एकही नसतो. मग औषधाला दोष, एसीला दोष, कर्मचाऱ्याला दोष. पुरवठादाराच्या चिठ्ठीकडे कुणी बघत नाही.

त्या चिठ्ठीवर 'दिवस 4' असे लिहिलेले असते. मोजणी कुठून, ते नसते. प्लग सापडला तो दिवस कुणी 1 धरतो, कुणी 0, कुणी 0.5. या फरकात अख्खा प्रयोग बुडतो. तो दिवस 1 धरला, तर चौथ्या दिवशी सकाळी इस्ट्रोजेन किंचित वाढते, गर्भाशयाच्या ग्रंथींतून लिफ हे प्रथिन स्रवते आणि त्याच रात्री ब्लास्टोसिस्ट चिकटू लागतो. लिफ नसेल तर निरोगी ब्लास्टोसिस्टही रुजत नाही, हे 1992 सालीच लिफचे जनुक निकामी केलेल्या (नॉकआउट) माद्यांत दिसले आहे.

नेमक्या याच दिवसांत माद्या टेम्पोत असतात. वसई खाडीच्या पुलाजवळ महामार्ग तुंबला की उकाडा, हादरे आणि शेजारच्या पिंजऱ्यात अनोळखी नर! रोपणाआधी परका नर जवळ आला तर गर्भ टिकत नाही, हे हिल्डा ब्रूस यांनी 1959 मध्येच दाखवले. पुढे त्याच्या मुताने भिजलेला भुसाही पुरेसा ठरला. प्रोलॅक्टिन घसरते, कॉर्पस ल्युटियम तग धरत नाही, प्रोजेस्टेरॉन कमी पडते. सर्व वाणांत हे सारखे घडत नाही. म्हणून गाफील राहायचे का?

प्रयोग फसला की जादा माद्यांसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची (आयएईसी) बैठक. संख्या का वाढली, हे समिती खोदून विचारते. माद्या कशा आणल्या, हे विचारत नाही. प्राणी कमी वापरा म्हणणाऱ्यांनी आधी हा अपव्यय थांबवावा. केईएम रुग्णालय आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेने 6 ऑगस्ट 1986 रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्माला घातले, त्याच मुंबईच्या वेशीवर चिठ्ठीवर तारीख नसावी, ही शरमेची गोष्ट आहे.

प्राणिगृह प्रमुखांनो, माद्या आधी आणा, आठवडाभर रुळू द्या, जोड्या आपल्याच खोलीत लावा. ते जमत नसेल तर प्लगची तारीख, वेळ आणि मोजणीची पद्धत लिहिल्याशिवाय पिंजरा ताब्यात घेऊ नका. नर वेगळ्या गाडीने मागवा. ज्यांच्याकडे अशा नोंदींचे पिंजरा-कार्ड आधीच वापरात आहे, त्यांनी नमुना महिनाअखेरपर्यंत पाठवावा. तो पुढच्या अंकात छापला जाईल.